पुटपुटणारी बाई

६ मार्च

काकू,

काकूच म्हणते. कॉलेजात असताना तुमच्याकडे अभ्यासाला यायचे तेव्हाही हेच म्हणायचे, मैत्रिणीच्या आईला दुसरं काय म्हणतात? पुढे त्याच मैत्रिणीबरोबर, तुमच्या धाकटीबरोबर, मी बारा वर्षं संसार केला, पण तुम्ही आमच्या दारात आला नाहीत आणि आम्हाला तुमच्या दारात उभं केलं नाहीत. त्यामुळे नातं पुढे सरकलंच नाही, काकूवर अडकलं ते अडकलंच.

तुमच्या मुलाचं, दादांचं, पत्र मिळालं. छान टाइप केलंय. सख्ख्या बहिणीला बारा वर्षांत एक ओळ लिहिली नाही त्यांनी, मला मात्र दोन पानं. मथितार्थ एवढाच, की चोवीस एप्रिलला बालकल्याण कचेरीत सुनावणी आहे आणि तुम्ही खारूचा ताबा मागितला आहे. खारू म्हणजे तुमची नात. कागदावर तिचं नाव मोठं भारदस्त आहे, पण ती गाल भरून खाते म्हणून आम्ही खारू म्हणतो. चार वर्षं सात महिन्यांची आहे.

कागदावर आई एकच मावते. ती जागा तुमच्या लेकीची, कारण पोटात तिने वाढवलं. मूल हवं हा हट्ट आधी माझा होता. माझ्या शरीराने दोनदा नकार दिला, तेव्हा ती म्हणाली, "सरक, मी बघते." दात्याचं नाव हॉस्पिटलने आम्हालाही सांगितलं नाही. आणि जानेवारीत ती शिकवायची त्या शाळेच्या पायरीवर डोकं धरून बसली ती उठलीच नाही. तेव्हा आता कागदावर खारूचं कोणी असेल तर तुम्ही. मी "त्याच पत्त्यावर राहणारी". हे शब्द दादांचे.

दादा लिहितात, अंत्यसंस्काराच्या दिवशी मुलगी मला चारचौघांत मावशी म्हणत होती. म्हणत होती. आम्हीच तसं शिकवलं होतं. दाराच्या आत दोघीही आई, दाराबाहेर मी मावशी. घरमालक, तिची शाळा, माझा दवाखाना, सगळीकडे तोंडं बंद ठेवायची होती. हा नियम तुमच्या लेकीचा होता.

त्या दिवशी तुम्ही माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीत, पण मी तुमच्याकडे बघत होते. धंद्याची सवय आहे. मी लोकांचे कान तपासते, मशीनं बसवते. तुम्ही माणसाच्या डोळ्यांकडे बघत नाही, ओठांकडे बघता. मागून कोणी हाक मारली तर तुम्हाला पत्ताच नसतो. खारू तुमच्या गुडघ्याला लागून उभी होती. तिने तीनदा विचारलं, "आजी, तू पण मरणार का?" आणि तुम्ही छान हसून मान डोलावलीत.

तुम्हाला कमी ऐकू येतं, काकू. बायकांचे आणि मुलांचे आवाज आधी जातात, पुरुषांचे टिकतात. म्हणून दादांचं सगळं ऐकू येतं तुम्हाला. कान तपासून घ्या. माझ्याकडे घ्यायला लाज वाटत असेल तर दुसरीकडे घ्या, पण मी या कामात बरी आहे. तासाभराचं काम आहे, दुखत नाही.

१९ मार्च

काकू,

तुमचं कार्ड मिळालं. "अठ्ठावीसला येते. कान दाखवायचे आहेत, बाकी काही बोलायचं नाही." वाचून हसू आलं. तुमची लेकही असंच लिहायची, फ्रिजवर चिठ्ठी असायची, "दूध आण. रागावलेय."

दादांनी बालवाडीच्या बाईंना फोन करून चौकशी केली असं कळलं. बाईंनी सांगितलं म्हणे, की मुलगी खिडकीशी बसून एकटीच असंबद्ध शब्द बोलते. साबण म्हणते, कुलूप म्हणते, मग कुणाची तरी वाट बघितल्यासारखी गप्प बसते. दादांनी यावरून तिच्या डोक्यावर परिणाम झाला असा निष्कर्ष काढलाय. तसं काही नाही. खेळ आहे तिचा. मुलं खेळतात.

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. मावशीचा नियम तुमच्या लेकीचा नव्हता, माझा होता. खारू दीड वर्षाची असताना बागेत माझी एक जुनी पेशंट भेटली. खारू घसरगुंडीवरून "आई, बघ" म्हणून ओरडली आणि आम्ही दोघींनी एकदमच वर बघितलं. ती बाई हसून म्हणाली, "यातली आई कोण?" मी पटकन म्हणाले, "ही. मी मावशी." कोणी विचारलं नव्हतं इतकं. घरी येऊन दार लावल्यावर तुमची लेक म्हणाली, "तुला कोणी ढकललं नव्हतं, तू स्वतःहून बाहेर जाऊन उभी राहिलीस." मी म्हटलं, जगात राहायचं तर थोडं वाकावं लागतं. तिने वाद घातला नाही. माझ्यासाठी नियम पाळला तिने.

मग वाकत गेले. लस द्यायला जायचं तर नर्स म्हणायची, "आईने आत यायचं, मावशी तुम्ही बाहेर थांबा," आणि मी पिशवी सांभाळत दाराबाहेर पोरीचं रडणं ऐकायचे. बाळंतपणातसुद्धा बाहेरच होते. खारू कोणासारखी दिसते यावर शेजारणी तासभर बोलायच्या आणि मी चहा ओतायचे. पण तिची नखं मीच कापते. तिच्या आईला भीती वाटायची, पोरगी झोपल्याशिवाय हात लावायची नाही. मला ती जागेपणी हात देते, दहाही बोटं.

तुम्हाला खरं सांगायचं ठरवलंय तर हेही लिहिते. जानेवारीपासून ती मला आई म्हणत नाही आणि मावशीही म्हणत नाही. काही हवं असलं की बाही ओढते.

अठ्ठावीसला सकाळी दहा वाजता या. सर्दी असेल तर आधी कळवा.

२८ मार्च

काकू,

आजच्या तपासणीचा निष्कर्ष असा. दोन्ही कानांत सारखाच दोष आहे, वयाने आलेला, किमान पाच वर्षं जुना. औषधाने बरा होणार नाही. दोन्ही कानांना मशीन लागेल. दहा-बारा दिवसांत मागवून, तुमच्या कानाप्रमाणे आवाज बसवून पाठवते.

पाणी दिलं तेव्हा माझा हात थरथरत होता तो सकाळी काही खाल्लं नव्हतं म्हणून. काळजी करू नका.

९ एप्रिल

काकू,

हे पत्र दादांना वाचायला देऊ नका. सोबतच्या डबीत तुमची मशीनं आहेत. लाल खुणेचं उजव्या कानाला, निळ्या खुणेचं डाव्या. पहिले दोन दिवस भांड्यांचा आवाज नकोसा होईल, काढून ठेवू नका, कान शिकतात हळूहळू.

उपाशी वगैरे काही नव्हते मी त्या दिवशी. आता पहिल्यापासून सांगते.

तपासणीच्या शेवटी तुम्हाला केबिनमध्ये बसवून पंचवीस शब्द ऐकवले आणि ते परत म्हणायला लावले, आठवतं? ते शब्द रेकॉर्ड केलेले असतात, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाची एकाच आवाजात परीक्षा होते. नऊ वर्षांपूर्वी आमच्या डॉक्टरांना नवीन रेकॉर्डिंग करायचं होतं. स्वच्छ उच्चारांचं माणूस हवं होतं. मी म्हटलं, माझ्या ओळखीत शाळेत भाषा शिकवणारी एक बाई आहे.

तो आवाज तुमच्या लेकीचा आहे, काकू.

मेलेली माणसं स्वप्नात येतात म्हणतात. माझ्याकडे ती रोज साडेनऊला येते, पहिल्या पेशंटबरोबर. मी बटण दाबते, ती म्हणते, "खिडकी." आत कोणीतरी म्हातारे गृहस्थ म्हणतात, "खिडकी." ती म्हणते, "साबण." दिवसातून आठ वेळा. डॉक्टर म्हणाले, बदलून टाकू या. मी नको म्हटलं. शेवटचा पेशंट गेल्यावर मी स्वतः आत जाऊन बसते. मला पंचवीसही शब्द पाठ आहेत, तरी परत म्हणते.

आणि खारूचं. तो खेळ नाही. फेब्रुवारीत ती सारखी विचारायची, आई कुठे आहे? एका सुट्टीच्या दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं, खुर्चीत बसवलं आणि कानांना हेडफोन लावले. मला वाटलं, निदान आवाज तरी ऐकेल. असली अक्कल मलाच सुचू शकते. आवाज आला, "खिडकी." पोरगी उजळली. म्हणाली, "आई, मी इथे आहे." तिकडून, "साबण." "आई, इकडे बघ ना." "कुलूप." काचेतून मी बघत होते आणि माझा हात बटणापर्यंत जाईना. यादी संपेपर्यंत तिने नियम ओळखला होता. आईशी आता बोलायचं तर हे शब्द बोलायचे, आपण एक म्हणायचा, मग ती पुढचा म्हणते. बालवाडीत ती खिडकीशी बसून साबण म्हणते आणि पुढच्या शब्दाची वाट बघते.

हे कचेरीत सांगितलंत तर मुलगी माझ्याकडून जाईल. तरी लिहिते आहे.

आता अठ्ठावीस तारीख. आमच्याकडे एक जुनी यादीही आहे, पुरुषाच्या आवाजातली. ती लावता आली असती. मी मुद्दाम तिची लावली. मला तुम्हाला काचेच्या पलीकडे मोडून पडताना बघायचं होतं. लेकीचा आवाज अचानक कानात आला की तुम्ही रडाल, आणि मग मी दार उघडून आत येईन, आणि मग आपण बोलू, असं काहीतरी मी ठरवलं होतं. वाईट आहे, पण ठरवलं होतं.

तुम्ही रडला नाहीत. पंचवीसपैकी नऊ शब्द बरोबर सांगितलेत, तेही नेटाने, शाळेतल्या मुलीसारखं ताठ बसून. मग हेडफोन काढून बाहेर आलात आणि म्हणालात, "ही बाई कोण गं? ही मला फोन करते."

मी विचारलं, कोणती बाई?

"अगं हीच. पुटपुटणारी. तीन-चार वर्षं झाली, रविवारी सकाळी फोन वाजतो. ही काहीतरी पुटपुटते, मागे मांजराचं पिल्लू ओरडल्यासारखं काहीतरी चिरकतं. मी विचारते, कोण, कोण बोलतंय? मग कंटाळून ठेवून देते. दादा म्हणाला, काहीतरी विकणारे असतील. आता बरेच दिवसांत नाही आला फोन."

तेव्हा मी तुम्हाला पाणी दिलं. आणि म्हणाले, "रेकॉर्डिंगमध्ये सगळे आवाज सारखेच लागतात, काकू."

ते मांजराचं पिल्लू खारू होती. खारू झाल्यापासून तुमची लेक दर रविवारी तुम्हाला फोन करायची, तिला मांडीवर घेऊन. "आई, मी बोलतेय. खारू, आजीला हाक मार." तुम्ही तीनदा "कोण?" विचारायचात आणि खटकन बंद. ती रिसीव्हर हातात धरून बसायची. म्हणायची, "ओळख दाखवत नाही. मुद्दाम कोण, कोण करते." मी म्हणायचे, "सोड ना, पालथ्या घड्यावर पाणी." आणि दर रविवारी मी तुमचा मनापासून तिरस्कार केला. एखादं काम नेमाने करावं तसा केला.

काकू, मी कान तपासणारी बाई आहे. सत्तरीची म्हातारी, फोनवर बाईचा आवाज, लहान मुलाचा आवाज, आणि पलीकडून "कोण, कोण?" हे मला रस्त्यावरच्या परक्या माणसाने सांगितलं असतं तर मी अर्ध्या मिनिटात म्हटलं असतं, त्यांना ऐकू येत नाहीये. चार वर्षं ते माझ्याच घरात घडत होतं, मी शेजारी बसून भाजी चिरत होते, आणि मला एकदाही सुचलं नाही. कारण तुम्ही वाईट आहात हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. तुम्हाला ऐकू येत नव्हतं. आम्हीही कुठे ऐकत होतो?

ती गेली ती आईने आपल्याला ओळख दिली नाही असं समजून गेली. हे मी कुणाजवळ ठेवू? म्हणून तुमच्याजवळ देते. तुम्ही म्हणाल, न सांगतीस तर बरं झालं असतं. मलाही दहा दिवस तसंच वाटत होतं.

माझी वकील मैत्रीण म्हणते, तुमच्या कानांचा अहवाल कचेरीत ठेव. या बाईंना शेजारच्या खोलीत मूल रडलेलं ऐकू येत नाही एवढं एक वाक्य पुरे. अहवाल मी लिहिला होता, वाक्यही लिहिलं होतं. तो या पाकिटात घातलाय. माझ्याकडे प्रत ठेवलेली नाही. मशीनं लावल्यावर तसंही ते वाक्य खरं राहणार नाही.

३ मे

काकू,

हे पत्र खारूच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवलंय.

कचेरीतल्या बाईंनी तुम्हाला विचारलं, तुम्हाला मुलगी का हवी? तुम्ही दोन्ही कानांना मशीनं लावून आला होतात, केस मागे बांधून, लपवली नव्हती. तुम्ही म्हणालात, "मला चार वर्षं तिचं काही ऐकू आलं नाही. आता सगळं ऐकायचंय." त्यावर कोण काय बोलणार? मला मिळाला एक शनिवार सोडून एक शनिवार, आणि वर्षाने फेरविचार. बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास. मी तुम्हाला कान दिले आणि तुम्ही माझी मुलगी मागितलीत. मला राग आलाय, काकू. तो लपवून नमस्कार-चमत्कार लिहायला मला जमणार नाही.

जिन्यात तुम्ही माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "नाहीतर मी मरेन गं." मीही हेच म्हणणार होते. तुम्ही आधी म्हणालात, एवढंच.

आता नीट वाचा. अंडं पूर्ण उकडलेलं, पिवळं ओलं दिसलं तर ताट ढकलते. डाव्या कुशीवर झोपते. अंघोळीला बादलीचं पाणी चालतं, शॉवर चालत नाही. शिंका सलग पाच येतात, ती सर्दी नव्हे. "मी करते" म्हणाली की करू द्या, उशीर झाला तरी. नखं तिची वाढली तरी राहू द्या, शनिवारी मी कापीन. एवढं मला ठेवा.

शब्द ती अजून म्हणते, पूर्वीपेक्षा कमी. ती खिडकी म्हणाली तर तुम्हाला पुढचा शब्द माहीत आहे, पण म्हणू नका. मी एकदा म्हणाले होते. तिचा चेहरा असा फुलला, आणि मग तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि तासभर टेबलाखालून बाहेर आली नाही. त्या जागी कोणी बसायचं नाही. जेवायला वाढा, दुसरं काहीतरी बोला.

शेवटचं. परवा दुपारी ती झोपली होती आणि मी स्वयंपाकघरात होते. आतून हाक आली, "आई." चार महिन्यांनी. माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. मला कळेना, कोणाला हाक मारतेय. ती हाक तुमच्या लेकीला असेल आणि मी गेले तर? माझा चेहरा बघून पुन्हा टेबलाखाली गेली तर? मी श्वास धरून उभी राहिले, काकू. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीची हाक ऐकून, लस टोचायच्या खोलीबाहेर उभी राहायचे तशी उभी राहिले. ती परत म्हणाली, "आई", या वेळी चिडून. मी म्हटलं, "ओ." आणि आत गेले. केस विस्कटलेले, गाल उशीने लाल झालेले. माझ्याकडे बघून म्हणाली, "पाणी."

पाणी पिऊन परत झोपली. कोणती आई, हे तिने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तुमच्याकडेही ती अशी हाक मारील, दुपारच्या झोपेतून उठताना, अर्धवट. ती हाक तुमच्या लेकीला असेल, मला असेल, कदाचित खारूला स्वतःलाही माहीत नसेल. आई गेली बाळा, मी आजी आहे, असं समजावत बसू नका. मावशी शनिवारी येईल, असंही म्हणू नका. दाराशी थांबू नका, मी थांबले तशा.

ओ द्या, काकू. आता तुम्हाला ऐकू येतं.